अठ्ठावीस करारनामे आणि सहाशे अकरा फोटो: नाशिकरोडच्या एका सोसायटीचं प्रकरण

पार्श्वभूमी

ही सोसायटी नाशिकरोडला, जेल रोडच्या बाजूची. चार मजले, अठ्ठावीस फ्लॅट, १९९९ च्या सुमाराचं बांधकाम. माणसं ओळखू येऊ नयेत म्हणून काही तपशील बदलले आहेत. माझं झेरॉक्स आणि स्कॅनिंगचं दुकान तिथून दहा मिनिटांवर आहे, आणि या गोष्टीत मी निम्म्यातून शिरलो.

लोक राहायला आले, सोसायटी नोंदली गेली, पण बिल्डरनं जमीन सोसायटीच्या नावावर करून दिलीच नाही. अशा वेळी १९६३ च्या मोफा कायद्याच्या (महाराष्ट्राचा फ्लॅट मालकीविषयीचा कायदा) कलम ११ खाली जिल्हा उपनिबंधकांकडे मानीव अभिहस्तांतरणासाठी, म्हणजे बिल्डरनं करून दिली नाही तरी जमीन सोसायटीच्या नावावर व्हावी म्हणून, अर्ज करता येतो. बोलताना सगळे त्याला 'डीम्ड कन्व्हेयन्स'च म्हणतात. सोसायटीनं सीबीएसजवळचे, म्हणजे नाशिकच्या मध्यवर्ती बसस्थानकाजवळचे, एक वकील गाठले. त्यांनी कागदांची यादी दिली: नोंदणी दाखला, सातबारा, मंजूर नकाशा, सभासदांची यादी, आणि प्रत्येक फ्लॅटचा नोंदणीकृत करारनामा इंडेक्स टूसह (दस्ताच्या नोंदणीचा गोषवारा). म्हणाले, "आधी सगळ्याची पीडीएफ पाठवा. मी वाचून घेतो, मग कागदांचं बघू."

सोसायटीचे सचिव प्रेसमधून निवृत्त झालेले. नाशिकरोडला 'प्रेस' एवढंच म्हटलं की पुरतं. पुढच्या गोष्टीत त्याचा संबंध येतो, म्हणून सांगतो: करारनाम्यांना लागणारे मुद्रांक याच गावात, १९२५ साली सुरू झालेल्या इंडिया सिक्युरिटी प्रेसमध्ये छापले जातात. काकांना कागद हाताळायची शिस्त अंगातच मुरलेली. मोबाइलचं मात्र वावडं नसलं तरी प्रेमही नव्हतं.

अडचण

काकांनी सोसायटीच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर एक ओळ टाकली: "सर्वांनी आपापल्या करारनाम्याचे फोटो इथे टाकावेत." झालं. चार दिवसांत एकोणीस फ्लॅटांकडून ६११ फोटो आले. मध्ये सुप्रभातची फुलं, पाण्याच्या टँकरची चर्चा आणि कुणाच्या तरी नातवाचा वाढदिवस. कुठला फोटो कुठल्या फ्लॅटचा, हे पाठवणाऱ्याच्या नावावरून ओळखायचं. दोन वहिनींनी तर शेजाऱ्यांचेही फोटो आपल्याच मोबाइलवरून टाकले होते.

खजिनदारांचा भाचा कॉलेजात शिकतो. त्यानं दोन संध्याकाळी बसून एका फुकट संकेतस्थळावर हे फोटो चढवले आणि एकोणीस पीडीएफ केल्या. त्या वकिलांकडे गेल्या आणि दुसऱ्या दिवशी परत आल्या. तेव्हा काका माझ्या दुकानात आले. "भाऊ, फाइल तर उघडतेय. मग नापास कशी झाली?"

मी एक-एक उघडून पाहिल्या. चुका वेगवेगळ्या होत्या आणि प्रत्येकीचं मूळ वेगळं होतं.

पहिली, अक्षर फुटलेलं. व्हॉट्सअ‍ॅप साध्या पद्धतीनं फोटो पाठवताना तो आक्रसतं, लांब बाजू साधारण १६०० पिक्सेलवर येते. करारनामे लिगल कागदावर, म्हणजे चौदा इंच लांब. १६०० भागिले चौदा केलं की इंचाला ११४ ठिपके उरतात. बारा मेगापिक्सेलच्या मूळ फोटोत हेच २८५ च्या आसपास होते. ११४ वर टाइप केलेला मजकूर कसाबसा वाचता येतो. पण रिकाम्या जागी पेनानं भरलेले फ्लॅट नंबर आणि क्षेत्रफळ? ३ आहे की ८, कळेना.

दुसरी, क्रम. भाच्यानं फोटोंना १ ते ३४ अशी नावं दिली होती, बिचाऱ्यानं नीट काम केलं होतं. पण त्या संकेतस्थळानं नावं अक्षरांसारखी लावली: १, १०, ११, १२ … आणि मग २. त्याच्या स्वतःच्या कॉम्प्युटरवर फोल्डर बरोबर दिसत होतं, कारण विंडोज आकडे आकड्यांसारखे लावतं. त्यामुळे त्याला शंकाच आली नाही. एक ते नऊ या आकड्यांपुढे शून्य लावून ०१, ०२ लिहिलं असतं तर काही झालं नसतं.

तिसरी, आडवी पानं. टेबलावर कागद ठेवून मोबाइल वरून सपाट धरला की त्याला उभं-आडवं कळत नाही.

चौथी सगळ्यात वाईट. पान 'ए-फोर' ठेवून 'पूर्ण भरा' हा पर्याय निवडला गेला होता. लिगल पान ए-फोरपेक्षा लांबट असतं. ते रुंदीला पूर्ण बसवलं की खालचं किंवा वरचं टोक कापलं जातं. करारनाम्याच्या प्रत्येक पानाच्या खाली काय असतं? सह्या. एकोणीसपैकी अकरा फाइलींत सह्यांची ओळ अर्धी गेली होती. वकिलांनी नापास केलं ते याच्यावरून.

हे सगळं मी काकांना सांगत होतो, तेवढ्यात त्यांच्या मोबाइलवर ग्रुपमध्ये एक प्रश्न आला. बँकेत नोकरी करणाऱ्या एका सभासद ताईंनी विचारलं होतं, "या फाइली नेमक्या कुठे अपलोड झाल्या?"

भाच्यानं फाइली ग्रुपवर पाठवल्याच नव्हत्या; संकेतस्थळानं दिलेल्या लिंका पाठवल्या होत्या. मी माझ्या दुकानातल्या कॉम्प्युटरवर, कुठलंही लॉगिन न करता, एक लिंक टाकली. उघडली. संकेतस्थळावर लिहिलं होतं की फाइली दोन तासांत पुसल्या जातात. दोन दिवस होऊन गेले होते. नऊ फ्लॅट मधल्या काळात पुन्हा विकले गेलेले; त्यांच्या नव्या दस्तांना पॅन आणि आधारच्या प्रती जोडलेल्या. फोटो, जन्मतारीख, पत्ता, सही, अंगठा, सगळं एका लिंकेमागे.

काका गप्प बसले. मग म्हणाले, "प्रेसमध्ये आम्ही वाया गेलेला कागदसुद्धा मोजून ठेवायचो."

समोरचे पर्याय

आधी लिंका बंद करणं भाग होतं. संकेतस्थळावर प्रत्येक फाइलीपुढे पुसण्याचं बटण होतं, पण ते ज्या ब्राउझरमधून फाइल चढवली त्यातच दिसत होतं. भाच्यानं त्याच्या लॅपटॉपवरून एकेक पुसली, मी इकडून उघडतेय का बघत गेलो. तेवढं झालं. पलीकडच्या सर्व्हरवर काय राहिलं, हे आम्हाला कळायला मार्ग नव्हता आणि नाही.

मग पुढचं. वकिलांना नऊ दिवसांत फाइली हव्या होत्या.

सरळ पर्याय म्हणजे सगळे करारनामे माझ्या दुकानात आणायचे आणि फ्लॅटबेडवर, म्हणजे काचेवर पान सपाट ठेवून, स्कॅन करायचे. दर्जा उत्तम. पण लोक मूळ करारनामा घराबाहेर सोडत नाहीत आणि ते बरोबरच आहे. शिवाय पंचवीस वर्षांपूर्वीचे हिरवे लेजर पेपर दोऱ्यानं शिवलेले, वर लाखेचा डाग. ते सोडवून पानं आपोआप ओढणाऱ्या फीडरमध्ये घालायचे म्हणजे एखादं पान फाटलं की माझ्या दुकानाला टाळंच. फीडरचा पर्याय मी पहिल्या मिनिटाला फेटाळला.

दुसरा पर्याय भाच्याचा: हेच फोटो घ्यायचे आणि यावेळी कॉम्प्युटरमध्येच, इंटरनेट न वापरता पीडीएफ करायची. गुप्ततेचा प्रश्न सुटतो, क्रम आणि पानाचा आकारही सुधारतो. पण ११४ ठिपक्यांतून २८५ परत येत नाहीत. पीडीएफ ही पेटी आहे. आत जे ठेवलं तेच बाहेर दिसणार. लोक 'इमेजची पीडीएफ केली' म्हणतात तेव्हा त्यांना वाटतं चित्राचं काहीतरी चांगलं झालं. प्रत्यक्षात बहुतेक वेळा तोच जेपेग, म्हणजे फोटोची नेहमीची फाइल, जसाच्या तसा पेटीत बसवलेला असतो, किंवा बसवताना आणखी दाबलेला असतो.

तिसरा, प्रत्येकानं आपल्याच मोबाइलवर स्कॅन करून पीडीएफ 'डॉक्युमेंट' म्हणून पाठवायची. अँड्रॉइडवर गूगल ड्राइव्हमध्ये स्कॅनची सोय आहे, आयफोनमध्ये नोट्समध्ये. (एका आजोबांच्या मोबाइलमध्ये अजून कॅमस्कॅनर होतं, जून २०२० मध्ये सरकारनं बंदी घातलेल्या ५९ अ‍ॅपांपैकी ते एक. ते काढायला लावलं.) आम्ही हा पर्याय दोन घरांवर करून पाहिला. एका घरातून सुरेख फाइल आली. दुसऱ्या घरी आयफोन होता. त्यांनी स्कॅन न करता फोटोच 'डॉक्युमेंट' म्हणून पाठवले आणि ते हेक (HEIC) प्रकारात आले. आयफोन २०१७ पासून याच प्रकारात फोटो साठवतो. काकांच्या कॉम्प्युटरवर एकही उघडला नाही. अठ्ठावीस घरं, अठ्ठावीस तऱ्हा. नऊ दिवसांत हे जमणार नव्हतं.

चौथा, दुय्यम निबंधक कार्यालयातून प्रमाणित नकला घ्यायच्या. ज्यांचा करारनामाच हरवला आहे त्यांना दुसरा मार्गच नाही. सगळ्यांसाठी मात्र तो वेळखाऊ आणि खर्चिक.

आम्ही ठरवलं ते या सगळ्यांच्या अधलंमधलं: कागद दुकानात आणायचे नाहीत, दुकान कागदांकडे न्यायचं.

काय केलं

रविवार ठरवला. पार्किंगमध्ये, पूर्वेकडच्या जाळीच्या खिडकीजवळ टेबल लावलं. ट्यूबलाइट बंद, कारण तिचा उजेड फोटोत पट्टे आणतो आणि हाताची सावली वेगळीच. माझा मोबाइल स्टँडवर आडवा, तोंड खाली. बटण दाबताना मोबाइल हलू नये म्हणून इयरफोनच्या आवाजाच्या बटणानं फोटो काढायचे. टेबलावर काळा चार्ट पेपर, म्हणजे पानाची कड स्पष्ट दिसते.

फ्लॅट क्रमानं वेळा दिल्या. करारनाम्याचा मालक स्वतः घेऊन येणार, समोर बसणार, पानं तोच उलटणार, संपलं की घेऊन जाणार. त्यामुळे कुणाचा मूळ कागद एका मिनिटासाठीही नजरेआड झाला नाही आणि माझी जबाबदारीही हलकी झाली. प्रत्येक दस्ताच्या आधी एका कोऱ्या कागदावर मोठ्या अक्षरांत फ्लॅट नंबर लिहून त्याचा फोटो. नंतर हजार फोटोंत कोण कुठे संपतो ते शोधावं लागलं नाही.

आधार क्रमांकाचा प्रश्न मात्र दोन वेळा सोडवावा लागला. आदल्या रात्री काकांनी एका पीडीएफमध्ये क्रमांकावर काळा चौकोन काढून मला मोठ्या अभिमानानं पाठवला. मी फाइल उघडली, चौकोनावर क्लिक केलं, आणि तो उचलून बाजूला ठेवला. खाली आधार क्रमांक स्वच्छ. काकांचा चेहरा बघण्यासारखा होता. पीडीएफमध्ये काढलेला चौकोन हा वर ठेवलेला वेगळा थर असतो. खालचं चित्र तसंच राहतं. झाकायचं असेल तर पेटीत घालण्याआधी, चित्रावरच झाकावं लागतं. त्याहून सोपं ताईंनी सुचवलं: फोटो काढतानाच क्रमांकाच्या पहिल्या आठ आकड्यांवर कागदाची पट्टी ठेवायची. आधार देणाऱ्या यूआयडीएआयच्या 'मास्क्ड' (झाकलेल्या) आधारातही शेवटचे चारच आकडे दिसतात.

पण नोंदणीकृत दस्ताचं पान झाकलेलं वकिलांना चालेना. त्यांचं म्हणणं, दस्त पूर्ण दिसलाच पाहिजे. म्हणून अशा पानांचे दोन फोटो काढले, एक पूर्ण, एक पट्टी ठेवून. पूर्ण प्रत फक्त वकिलांसाठी, पट्टीची सोसायटीच्या दप्तरासाठी. हा निर्णय कमिटीच्या बैठकीत ठरावाच्या वहीत लिहून घेतला.

रविवारी सकाळी नऊ ते संध्याकाळी साडेपाच, आणि सोमवारी रात्री दोन तास. एकूण १,०४६ पानं. तीन फ्लॅटांचे मूळ करारनामे गृहकर्जापोटी बँकेत होते. त्यांच्याकडच्या झेरॉक्सवरून काम चालवलं आणि फाइलीच्या नावातच 'झेरॉक्सवरून' असं लिहिलं.

पीडीएफ माझ्या लॅपटॉपवर, वायफाय बंद करून केल्या. मी 'इमेज टू पीडीएफ' (img2pdf) नावाचं, कमांड टाइप करून चालणारं एक छोटं मोफत साधन वापरतो. ते जेपेगला हात न लावता पीडीएफमध्ये ठेवतं. कमांड टाइप करायची नसेल तर विंडोजमध्येही फोटो निवडून 'प्रिंट'मध्ये 'मायक्रोसॉफ्ट प्रिंट टू पीडीएफ' निवडता येतं, फक्त पानाचा आकार आणि 'चौकटीत भरा'ची खूण बघायची. ब्राउझरमध्ये चालणारी काही संकेतस्थळंही फाइल बाहेर न पाठवता तिथल्या तिथे काम करतात. ओळखायची माझी पद्धत: पान पूर्ण उघडू द्यायचं, मग इंटरनेट बंद करायचं आणि एखादा निरुपद्रवी फोटो देऊन बघायचं. पीडीएफ झाली तर ठीक. अडकली तर तुमचे कागद बाहेर जात होते.

एका फ्लॅटची मूळ फाइल ११५ एमबीच्या आसपास झाली. या मूळ फाइली सोसायटीच्या हार्ड डिस्कवर ठेवल्या, साडेतीन जीबीच्या आत बसल्या. वकिलांसाठी इंचाला १५० ठिपक्यांवर आणलेली हलकी प्रत केली, एका फ्लॅटची सरासरी नऊ-दहा एमबी. जीमेलची मर्यादा २५ एमबी, पण मेलमधून जाताना फाइल साधारण एक तृतीयांशानं फुगते, म्हणून मी १८ च्या वर जात नाही. अठ्ठावीस फाइलींचे पंधरा-सोळा मेल पाठवण्यापेक्षा पेन ड्राइव्ह नेऊन दिला. त्यांच्या सहायकासाठी गूगल ड्राइव्हवर एक फोल्डर ठेवलं, पण 'लिंक असलेला कोणीही' नाही. फक्त दोन मेल पत्त्यांना परवानगी.

निष्पत्ती

नवव्या दिवशी अठ्ठावीसच्या अठ्ठावीस फाइली पोचल्या. पण पहिल्याच फटक्यात सगळं पार पडलं असं नाही, आणि ज्या दोन चुका राहिल्या त्या माझ्या.

हलकी प्रत करताना पहिल्या चार फ्लॅटांना मी काळं-पांढरं फिल्टर लावलं होतं, फाइल आणखी लहान व्हावी म्हणून. मुद्रांकावरची बारीक नक्षी, नक्कल करता येऊ नये म्हणूनच काढलेली, काळ्या गिचमिडीत बदलली आणि नोंदणी कार्यालयाचा फिका जांभळा शिक्का पार पुसला गेला. काकांनी स्क्रीनकडे पाहिलं आणि एवढंच म्हणाले, "ही नक्षी छापायला आमची हयात गेली, भाऊ." मूळ रंगीत फोटो हातात होते म्हणून वीस मिनिटांत निभावलं.

दुसरी चूक महागात पडली. सकाळच्या घाईत सहा फ्लॅटांच्या पानांच्या मागच्या बाजू राहिल्या. दस्त कधी हजर केला, साक्षीदार कोण, हे शेरे जुन्या दस्तांत बऱ्याचदा मागेच असतात. त्या सहा जणांना पुन्हा खाली बोलवावं लागलं. त्यातले एक कुटुंब तोवर पुण्याला परत गेलं होतं.

वेगळं काय करता आलं असतं

सगळ्यात आधी, 'फोटो टाका' या ओळीच्या आधी वकिलांना चार प्रश्न विचारायला हवे होते: रंगीत की साधी, पान कुठल्या मापाचं, दस्ताची मागची बाजू हवी का, आणि आधार झाकलेलं चालेल का. दहा मिनिटांचा फोन. तो सोसायटीनं केला नाही आणि नंतर मीही केला नाही, मला वाटलं मला माहीतच आहे.

एका फ्लॅटची फाइल पूर्ण करून वकिलांना दाखवून मगच बाकीच्या सत्तावीस घ्यायला हव्या होत्या. काळ्या-पांढऱ्याची आणि मागच्या बाजूची, दोन्ही चुका तिथेच सापडल्या असत्या. बहुतेक दस्तांवर शिक्क्यात पान क्रमांक आणि एकूण पानं लिहिलेली असतात. ती मोजणी फोटो काढतानाच जुळवायला हवी होती, मी ती रात्री घरी जुळवत बसलो.

भाच्याला दोष द्यावा असं मला वाटत नाही. त्याला काम दिलं, पण कागदात काय आहे हे कुणी सांगितलं नाही. लग्नाचे फोटो असते तर त्यानं केलं ते चाललं असतं. लिंका मात्र पहिल्याच दिवशी तपासायला हव्या होत्या, दुसऱ्या कॉम्प्युटरवरून, लॉगिन न करता. ताईंनी विचारलं नसतं तर त्या आजही उघड्या असत्या.

फोटो फोनवर काढण्याचा निर्णय मी पुन्हा तोच घेईन. फ्लॅटबेडवर दर्जा थोडा सरस आला असता, पण दोरे सोडवावे लागले असते.

एक गोष्ट कुणाच्या डोक्यात नव्हती. वकिलांच्या सहायकानं मागितलं म्हणून मी मूळ फाइलींवर टेसरॅक्ट, म्हणजे चित्रातली अक्षरं ओळखणारं साधन, चालवलं, मराठी आणि इंग्रजी दोन्ही निवडून, म्हणजे मजकुरात शोधता येईल. हातानं भरलेले रकाने त्याला वाचता आले नाहीत, छापील मजकूर बऱ्यापैकी आला. सहायकानं सर्व्हे नंबर शोधला. अठ्ठावीसपैकी पंचवीस ठिकाणी एकच हिस्सा नंबर. तीन ठिकाणी वेगळा, एकाच वर्षी, बहुधा एकाच टायपिस्टच्या हातून. पंचवीस वर्षांत हे कुणी पाहिलं नव्हतं, कारण अठ्ठावीस करारनामे एकत्र कधी ठेवलेच गेले नव्हते. त्या तिघांसाठी आता चूक दुरुस्ती पत्राचा विषय निघाला आहे, आणि त्यातले एक विक्रेते हयात नाहीत.